पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे बघा

गिरगावात आमचं डीटीपीचं काम चालतं, आणि सगळी मशीन उबंटू नाहीतर मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर आहेत. दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला की लेखक, चित्रकार, जाहिरातवाले असे सगळे आपापला पेनड्राइव्ह किंवा पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन येतात. त्यातले बरेचसे पहिल्या फटक्यात उघडत नाहीत. "अहो, घरी चालतो की!" हे वाक्य ठरलेलं. घरी चालतो हे खरंही असतं, कारण घरी विंडोज असतं.

तेच ते दोष परत परत काढून झाल्यावर एक क्रम हाताशी बसला आहे. तो इथे देतो. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते आधी ठरवा:

- लावल्यावर काहीच होत नाही. दिवा नाही, नाव नाही.
- दिवा लागतो, पण फाइल मॅनेजरात ड्राइव्ह दिसत नाही.
- नाव दिसतं, क्लिक केलं की 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' अशी लांबलचक तक्रार येते.
- उघडतो, वाचता येतो, लिहिता येत नाही.
- उघडतो, पण 'परमिशन डिनाइड'.
- कॉपी चालू असताना मध्येच गायब होतो आणि थोड्या वेळाने वेगळ्या नावाने परत उगवतो.
- फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात.
- काढायला गेलं की 'टार्गेट इज बिझी'.
- ड्राइव्ह न लावता मशीन चालू केलं की बूट होताना दीड मिनिट अडकून बसतं.

ड्राइव्ह लावल्यापासून फाइल दिसेपर्यंत पाच टप्पे असतात: वीज, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ओळखणं, पार्टिशन (ड्राइव्हचे पाडलेले भाग), फाइल सिस्टिम (फाइल मांडून ठेवायची पद्धत), परवानगी. गाडी कुठे अडली ते कळलं की निम्मं काम झालं. आणि सगळं होईपर्यंत एक पथ्य पाळा: कुठल्याही खिडकीने 'फॉरमॅट करू का?' विचारलं तर नाही म्हणा. विशेषतः लिनक्सवर ईएक्सटी४ केलेला ड्राइव्ह विंडोजला लावला की विंडोज हाच प्रश्न विचारतं. ड्राइव्ह धडधाकट असतो, फक्त विंडोजला ती फाइल सिस्टिम वाचता येत नाही.

पोर्ट, केबल, वीज

फुकटातली तपासणी आधी. ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा, आणि तोही कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या. पुढचे पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर बऱ्याचदा सुमार असते. हब असेल तर काढून थेट लावा. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची हार्ड डिस्कला तबकडी फिरवायला सुरुवातीला जास्त करंट लागतो, त्यामुळे जुन्या पोर्टवर ती 'टिक… टिक…' करून गप्प बसते. ते ऐकून डिस्क गेली असं लोक समजतात. आधी मागच्या पोर्टला लावून बघा, तिथेही तोच आवाज आला तर मात्र शेवटचा भाग वाचा.

केबल बदलून बघा. मोबाईलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, काम शून्य. लॅमिंग्टन रोडवर केबल घेताना 'डेटावाली' असं सांगूनच घ्या, आणि जमलं तर दुकानातच लावून बघा.

मुंबईत पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. बॅगेच्या तळाशी पडलेल्या पेनड्राइव्हच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट-हिरवट थर चढतो. इअरबडवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. पट्ट्या खोडरबराने घासू नका. मुलामा निघतो आणि भुकटी पोर्टात जाते.

कर्नलला दिसतोय का

फाइल मॅनेजरवर विसंबू नका, तो सगळ्यात शेवटी बोलतो. टर्मिनल उघडून 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालवा (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी; ही कमांड कर्नलच्या नोंदी दाखवते, आणि सुडो म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने), ड्राइव्ह काढा आणि परत लावा. उबंटूवर २०.१० पासून या कमांडला सुडो लागतो.

ठणठणीत ड्राइव्ह लावला की आधी 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' किंवा 'सुपरस्पीड' अशी ओळ येते, मग कंपनीचं नाव, मग क्षमता, आणि शेवटी 'एसडीबी: एसडीबी१' असं काहीतरी (एसडीबी म्हणजे ड्राइव्ह, एसडीबी१ म्हणजे त्याचं पहिलं पार्टिशन; पुढच्या कमांडमध्ये तुमच्याकडे दिसेल ते नाव घाला). ही शेवटची ओळ आली की वीज, ओळख आणि पार्टिशन हे तीन टप्पे पार झाले, आता दोष फाइल सिस्टिममध्ये किंवा परवानगीत शोधायचा. एकही ओळ आली नाही तर परत केबल आणि पोर्टकडे जा. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' किंवा '-११०' अशा ओळी एकामागून एक पडत असतील तर संपर्क तुटक आहे किंवा वीज अपुरी आहे. तीन वेगळ्या मशीनवर तेच दिसलं तर ड्राइव्हचा कंट्रोलर (आतली मुख्य चिप) गेलाय असं समजा.

मग 'एलएसबीएलके -एफ' चालवा. त्यात ड्राइव्हचं नाव, फाइल सिस्टिम, लेबल, यूयूआयडी (स्वतःचा ओळख क्रमांक) आणि कुठे माउंट झालाय (कुठल्या फोल्डरला जोडलाय) ते एका तक्त्यात येतं. ड्राइव्ह मुळात माउंट झालेला असतो आणि माणूस भलत्याच फोल्डरमध्ये शोधत असतो, असंही होतं. उबंटू-मिंटवर तो '/मीडिया/तुमचं नाव' खाली सापडतो, फेडोरावर '/रन/मीडिया' खाली. साध्या 'एलएसबीएलके'मध्ये क्षमता शून्य दिसत असेल तर कार्ड रीडर रिकामा आहे किंवा पेनड्राइव्हची मेमरी कंट्रोलरला सापडत नाहीये. दुसऱ्या प्रकारात घरी करण्यासारखं काही नाही.

अपडेट झालं, पण रीस्टार्ट केलं का?

ही चटकन लक्षात न येणारी गंमत आहे. काही लिनक्सवर, आर्चवर तर हमखास, कर्नल अपडेट झालं की चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूल (गरजेप्रमाणे लोड होणारे ड्रायव्हर) डिस्कवरून निघून जातात. तोवर पेनड्राइव्ह लावला नसेल तर त्याची मॉड्यूल लोडच झालेली नसतात, आणि मग 'अननोन फाइल सिस्टिम टाइप व्हीफॅट' असा अजब निरोप येतो. मशीन रीस्टार्ट केलं की दोष गायब. अर्धा तास डोकं खाजवण्याआधी हे करून बघा.

फाइल सिस्टिम कुठली?

'एलएसबीएलके -एफ'च्या तक्त्यात 'एफएसटाइप'चा रकाना बघा.

व्हीफॅट (म्हणजे फॅट, पेनड्राइव्हवरची जुनी साधी फाइल सिस्टिम) असेल तर सहसा अडचण येत नाही. एक्सफॅटचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ५.४ पासून आहे आणि ५.७ पासून तो चांगला झाला. दोन्ही आवृत्त्या साधारण २०१९-२० च्या. त्याआधीच्या लिनक्सवर 'एक्सफॅट-फ्यूज' नावाचं पॅकेज टाकावं लागतं. कॅमेऱ्याच्या ६४ जीबी आणि त्यावरच्या कार्डांवर एक्सफॅटच असतं, म्हणून फोटोग्राफर मंडळींची तक्रार जुन्या मशीनवर जास्त.

'आयएसओ९६६०' दिसलं तर त्या पेनड्राइव्हवर कोणीतरी लिनक्सची इन्स्टॉल प्रत चढवली होती. म्हणून तो लिहू देत नाही, आणि बत्तीस जीबीचा असून जेमतेम पाच-सहा जीबीचा दिसतो. बिघाड काहीच नाही. आतलं नको असेल तर 'सुडो वाइपएफएस -ए' पुढे ड्राइव्हचं नाव देऊन चालवा आणि नवं पार्टिशन करा. पण ड्राइव्हचं नाव दोनदा वाचा. एसडीबीच्या जागी एसडीए लिहिलं तर स्वतःच्या मशीनची डिस्क साफ होईल.

'बिटलॉकर' दिसलं तर ड्राइव्ह कुलूपबंद आहे. ऑफिसातून आलेल्या ड्राइव्हवर हे बऱ्याचदा असतं. 'क्रिप्टसेटअप' २.३ पासून, म्हणजे २०२० पासून, लिनक्सवर तो उघडता येतो. पासवर्ड किंवा रिकव्हरी की मात्र मालकाकडूनच घ्यावी लागते. ती नसेल तर विषय संपला.

एनटीएफएस आणि विंडोजची अर्धवट झोप

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या दहा तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एनटीएफएस म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ते झोपी जातं, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. त्या वेळी डिस्क जोडलेलीच असेल तर तिच्यावरच्या नोंदीही तशाच अर्धवट राहू शकतात. 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढली तरी तेच: एनटीएफएसवर 'डर्टी' अशी खूण राहते.

विंडोज ही खूण बघून बहुतेक वेळा पुढे जातं, म्हणून 'घरी चालतो की'. लिनक्स जात नाही. कर्नल ५.१५ पासून आलेला नवा 'एनटीएफएस३' ड्रायव्हर 'व्हॉल्यूम इज डर्टी अँड फोर्स फ्लॅग इज नॉट सेट' असं डीमेसेजमध्ये लिहून माउंट नाकारतो. जुना 'एनटीएफएस-३जी' झोपलेलं विंडोज दिसलं की नुसतं वाचू देतो. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे. अर्धवट नोंदींवर नवीन लिहिलं तर दोन्हीकडचं बिघडेल.

डिस्कवर काही न बदलता काम भागवायचं असेल तर नुसतं वाचण्यापुरती माउंट करा: 'सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी'. मजकूर काढून घ्या, डिस्क परत द्या. आमच्याकडे बहुतेकदा एवढंच लागतं.

कायमचा इलाज विंडोजवरच होतो. तिथे डिस्क लावून 'चेकडिस्क' (सी-एच-के-डी-एस-के) चालवा, मग 'सेफली रिमूव्ह' करा. मशीन बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन केलं तर ते पूर्ण बंद होतं. फास्ट स्टार्टअप कायमचं घालवायचं असेल तर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'.

लिनक्सवर 'एनटीएफएसफिक्स -डी' आहे. ते ती खूण पुसतं आणि बारीकसारीक दुरुस्ती करतं, पण चेकडिस्कची बरोबरी करत नाही. नेटवर सगळीकडे हाच पहिला उपाय सांगतात. मी तो शेवटी वापरतो, आणि तोही मजकूर काढून घेतल्यावर. 'फोर्स' लावून माउंट करणं तर टाळाच.

लिहिता येत नाही

एसडी कार्ड असेल तर कडेची इवलीशी लॉकची पट्टी बघा. कार्ड घालता-काढताना ती सरकते.

फॅटवर गडबड आढळली की कर्नल स्वतःच ती 'रीड-ओन्ली' करून टाकतं. डीमेसेजमध्ये 'फाइल सिस्टिम हॅज बीन सेट रीड-ओन्ली' अशी ओळ असते. अशा वेळी ड्राइव्ह अनमाउंट करा आणि आधी 'सुडो एफएससीके.व्हीफॅट -एन /डेव्ह/एसडीबी१' चालवा. '-एन'मुळे काही बदलत नाही, दोष नुसते दिसतात. मजकूर कॉपी झाल्यावरच '-ए' वापरा. कुठल्याच फाइलचे नसलेले तुकडे '-ए' मोकळे न करता त्यांच्या वेगळ्या फाइल बनवून ठेवतं. 

एफएससीके स्वच्छ म्हणतंय, फॉरमॅटही चालत नाही आणि तरी लिहिता येत नाही? मग पेनड्राइव्ह म्हातारा झाला. मेमरी झिजली की काही कंट्रोलर लिहिणं बंद करतात आणि वाचणं चालू ठेवतात. ते तुमच्या भल्याचंच आहे. कॉपी करा आणि टाकून द्या.

परमिशन डिनाइड

फॅट, एक्सफॅटवर मालकी नोंदवलेलीच नसते. माउंट करणाऱ्याला ती मिळते. 'सुडो माउंट' केलंत तर मालक रूट (अॅडमिनिस्ट्रेटर) झाला, म्हणून तुम्हाला लिहिता येत नाही. एकतर फाइल मॅनेजरातून किंवा 'यूडिस्कसीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसडीबी१'ने माउंट करा, नाहीतर '-ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' जोडा. स्वतःचा आकडा 'आयडी' या कमांडने कळतो. ईएक्सटी४ वर मालकी नंबराने नोंदलेली असते, म्हणून दुसऱ्या मशीनवर तुमच्या फाइल परक्या माणसाच्या नावावर दिसू शकतात. तिथे मालक बदलणारी 'चोन' (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन) हाच उपाय.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह

फोल्डर गेले, शॉर्टकट राहिले, म्हणून लोक रडकुंडीला येतात. व्हायरस तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, म्हणजे क्लिक केलं की तोच चालेल. विंडोजमध्ये लपवलेलं लिनक्सच्या फाइल मॅनेजरात उघड दिसतं. बऱ्याचदा सगळा मजकूर एका बिननावाच्या फोल्डरमध्ये असतो. ते नाव म्हणजे नुसती एक कोरी जागा असते, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो. मजकूर बाहेर काढा, 'डॉट एलएनके' आणि 'डॉट व्हीबीएस' फाइल उडवा, मग फॉरमॅट. इथे फॉरमॅट योग्यच.

काढताना 'बिझी'

बहुतेकदा टर्मिनलची एखादी खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी असते. 'फ्यूजर -व्हीएम' पुढे माउंटचा पत्ता दिला की कोण अडवतंय ते कळतं.

कॉपीचा पट्टा पूर्ण झाला म्हणून लगेच ओढू नका. लिनक्स आधी मेमरीत घेतं आणि सावकाश ड्राइव्हवर उतरवतं. 'ग्रेप डर्टी /प्रॉक/मेमइन्फो' चालवून बघा ('डर्टी'चं पहिलं अक्षर मोठं). स्वस्त पेनड्राइव्हवर मोठी पीडीएफ टाकली की खिडकी बंद झाल्यावरही तिथे लाखो केबी शिल्लक दिसतात आणि आकडा हळूहळू उतरत जातो. 'सिंक' टाइप करा. ती कमांड पुरी होऊन टर्मिनल मोकळं झालं की इजेक्ट करा.

बूट अडकतं

'/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (बूट होताना काय काय माउंट करायचं त्या यादीत) कोणीतरी ड्राइव्हची ओळ घातलेली असते, आणि ड्राइव्ह लावलेला नसतो. सिस्टमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) त्याची ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. ओळीत 'नोफेल' जोडा, हवं तर 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस'ही. '/डेव्ह/एसडीबी१' असं न लिहिता यूयूआयडी लिहा. एसडीबी हे नाव लावण्याच्या क्रमावर ठरतं, आज एक, उद्या दुसरं.

मध्येच गायब होतो

केबल आणि वीज तपासून झाली असेल, आणि डीमेसेजमध्ये 'यूएएस' शब्द असलेल्या तक्रारी दिसत असतील, तर डिस्कच्या डबीतली चिप यूएएस ही वेगवान पद्धत नीट पाळत नाहीये. 'एलएसयूएसबी'मधून तिचे चार-चार अक्षरांचे दोन आकडे घ्या. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी'मध्ये एक फाइल करून 'ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=पहिला:दुसरा:यू' लिहा, 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा, रीस्टार्ट करा. वेग थोडा कमी होतो, डिस्क टिकून राहते.

फुटपाथवर 'एक टीबी'चा पेनड्राइव्ह स्वस्तात मिळाला असेल तर क्षमता खोटी असू शकते. ठरावीक मर्यादेनंतर लिहिलेलं त्यात उरतच नाही. 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड'ने पडताळा. वेळ लागतो, पण शंका राहत नाही.

इथे थांबा

हार्ड डिस्क असेल तर 'सुडो स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट /डेव्ह/एसडीबी' बघा (ही डिस्कची तब्येत सांगते; यातली '-डी' लहान, '-ए' लहान). ५ आणि १९७ हे क्रमांक असलेल्या ओळींतला शेवटचा आकडा शून्य नसेल, किंवा डीमेसेजमध्ये 'आय/ओ एरर' वाढत चालले असतील, तर एफएससीके, चेकडिस्क सगळं बंद. ही साधनं डिस्कवर लिहितात, आणि आजारी डिस्कला तेवढी मेहनतही झेपत नाही. डिस्क अजून दिसत असेल आणि मजकूर गेला तरी फार बिघडणार नसेल, तर 'डीडीरेस्क्यू'ने तिची पूर्ण प्रत काढा. डेबियन-उबंटूत पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे. पहिली फेरी '-डी -एन' देऊन, म्हणजे सोपं ते आधी निघतं. मॅप फाइल द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच थांबल्यावर परत पहिल्यापासून सुरुवात. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची.

मजकूर एकुलता एक असेल, तर हेही करू नका. डिस्क व्यावसायिक डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. चांगल्या पोर्टवरही टिकटिक येते, तबकडी फिरत नाही, क्षमता शून्य दिसते, पेनड्राइव्ह वाकलाय किंवा जळका वास येतो, पावसाच्या पाण्यात भिजलाय: यातलं काहीही असलं तर आणखी एकदाही वीज देऊ नका. 'बघू, सुकलाय का' म्हणून लावणं सगळ्यात महागात पडतं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. हार्ड डिस्कचं झाकण घरी उघडू नका, आत धुळीचा एक कण पुरतो. डबीतून डिस्क काढून थेट साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या जोडणीला) लावायचा विचार असेल तर लक्षात घ्या, काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा जोड बोर्डावरच असतो, आणि काहींमध्ये मजकूर डबीतल्या चिपनेच कूटबद्ध केलेला असतो.

रिकव्हरीवाल्याला तीन गोष्टी आधीच विचारा: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, मजकूर निघाला नाही तर किती द्यायचे, आणि काम मूळ डिस्कवर करणार की तिच्या प्रतीवर. खर्चाचा अंदाज लिहून घ्या. आणि आधी काय काय करून बघितलं ते लपवू नका, चालवलेल्या कमांडसकट सांगा. त्यावरून तो पुढचं ठरवतो.